टमाट्याचा घास

टोमॅटोच्या फळाचा वास नंतरचा. आधी येतो तो पानांचा, आणि मला तोच जवळचा वाटतो. बगलफुटी खुडायला झाडापाशी बसावं, कोवळा फुटवा चिमटीत धरावा, आणि तो मोडायच्या आतच वास उठतो: हिरवा, कडवट, किंचित उग्र, तापलेल्या पाल्याचा आणि ओल्या मातीचा मिळून झालेला. पानांवरच्या, देठांवरच्या लवेला अगदी बारीक ग्रंथी असतात. हात लागला की त्या फुटतात आणि आपला रस बोटांना देऊन टाकतात. मग बोटांवर हिरवट काळं पूट चढतं, आणि हात धुताना साबणाचा फेस पिवळाहिरवा होऊन वाहतो. कितीही चोळून धुतले तरी पुढचा घास तोंडाशी नेताना त्या बोटांना वास येतोच. येऊ दे. तो जावा असं मला कधी वाटलेलं नाही.

कारण त्या वासातून एक हात पुढं येतो. आजीचा. खरबरीत, नखांच्या कडांना माती, मनगटात पिचलेली हिरवी काकणं. तिन्हीसांजेला परसातून आत येताना ती तो हात माझ्या तोंडावरून फिरवायची, आणि त्यात टमाट्याचा पाला असायचा, चुलीची राख असायची, धार काढून झालेल्या म्हशीचा ओशट, कोमट गंध असायचा. तिला दुसरा वास नव्हताच. लग्नाकार्याला निघतानासुद्धा, ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं गोल कुंकू लावून ती जवळ आली की लुगड्यातल्या डांबरगोळीला मागं सारून तो पाला दरवळायचा. मी डोळे मिटून घ्यायची.

आमचं गाव मांडवगण फराटा. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. नदीच्या पल्याड दौंड तालुका. गावाला वाघेश्वराचा आधार, शिवाराला नदीचा. काळी, चिकट जमीन, पावसाळ्यात पायताण ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. चहूकडे ऊस, आणि उसाच्या त्या उंच हिरव्या भिंतीआड माणसांची घरं, घरांमागं परस, परसात मोरीच्या पाण्यावर अळू, केळीचं बेट, एखादी शेवग्याची फांदी, आणि आमच्याकडं, दसरा झाला की, टमाट्याचा वाफा. गावरान टमाटी. चपटी, कडांना चुण्या पडलेली, आंबट, पातळ सालीची. बाजारच्या पाटीत ती दुसऱ्या दिवशी टिकली नसती. आमच्या घरात ती दुसऱ्या दिवसापर्यंत उरायचीच नाहीत.

त्या वाफ्याला आजी जेवू घालायची. खत घालणं हा शब्द उसासाठी होता, शेतासाठी होता, त्याला बैलगाडी लागायची, माणसं लागायची. परसातल्या झाडांना ती जेवू घालायची, आणि त्या जेवणाची तयारी पहाटेच्या पहिल्या चहापासून सुरू व्हायची.

आज मागं वळून बघताना कळतं की त्या स्वयंपाकघरात उरलेल्या प्रत्येक गोष्टीचं पुढचं तोंड ठरलेलं होतं. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करून माणसांच्या पोटात जायची. तव्यावरची शेवटची, जाड, थोडी करपलेली चतकोर दाराशी बसलेल्या कुत्र्याची. निवडलेल्या मेथीची देठं, दोडक्याच्या शिरा, भोपळ्याची साल, पिठाचा कोंडा, तांदळाचं धुवण हे सगळं म्हशीच्या आंबोणात जायचं, आणि म्हैस टोपल्यात नाक खुपसून फुर्रफुर्र करत ते संपवायची. तांदळातल्या कण्या कोंबड्यांच्या. दुधाच्या भांड्याची खरवड माझी. त्यावर कुणी हक्क सांगितलेला मला आठवत नाही. असं एकेक तोंड तृप्त होत होत शेवटी जे राहायचं, जे म्हैसही हुंगून बाजूला सारायची, चहाचा चोथा, लसणाची फोलपटं, कांद्याची टरफलं, केळ्याच्या काळ्या पडलेल्या साली, अंड्याची कवचं, भांड्याच्या तळाशी राहिलेलं फार आंबलेलं ताक, ते एका पोचे आलेल्या जर्मनच्या पातेल्यात गोळा व्हायचं. ते पातेलं चुलीच्या उजव्या अंगाला, कोपऱ्यात. आई चुकून ते घासायला घेऊन निघाली की आजी आतून हाक द्यायची, ‘‘अगं, ठेव ते. टमाट्याचा घास हाय त्यो.’’

टमाट्याचा घास. चुलीपुढं गाईसाठी काढून ठेवलेल्या घासाइतक्याच सहजपणे ती ते म्हणायची.

त्या पातेल्यात पाणी पडायचं, रात्रभर ते झाकून राहायचं, आणि सकाळी त्याला एक आंबूस वास सुटायचा. नाक मुरडावं असा तो नव्हता. नाचणीची आंबील उतू जायच्या बेतात असते तेव्हा घरात जो दाटतो, त्याच्या जवळचा. आजी ते पाणी तांब्यानं झाडाला द्यायची आणि चोथा मातीत पुरायची. मी हौसेनं खोडाशीच ओतायला गेले की माझं मनगट धरायची. ‘‘बुडात नगं. ईतभर लांब. तोंडात कोंबून कुणी जेवतं व्हय?’’ झाडाची खाणारी मुळं खोडाला चिकटून नसतात, ती लांब, पसरलेल्या बारीक तंतूंच्या टोकांशी असतात, आणि कच्चा ओला कचरा खोडाशी साचला की तो कुजताना खोडही कुजवतो, हे मी कितीतरी पुढं वाचलं. तिनं ते जेवणाच्या रीतीत बसवून टाकलं होतं. कुणाला कसं वाढावं, हे तिला ठाऊक होतं, तेवढं पुरत होतं.

आणि केव्हा वाढावं, हेही. रोप रुजून उभं राहीपर्यंत शेणखताची मूठ. पुढं शेणखताचा हात आखडता, कारण टमाट्याला नत्र जास्त झालं की ते माजतं. नुसता पाला येतो, गडद, मांसल, दिसायला देखणा, आणि फूल धरत नाही. पिवळी फुलं दिसू लागली की राखेची पाळी. ‘‘आता लेकुरवाळी व्हायची ती, आता तिची भूक येगळी,’’ असं म्हणत ती चाळणीनं राख पेरायची, पातळ, मातीवर सावली पडावी इतकीच. लाकडाच्या राखेत पालाश असतं, चुना असतो. फळ भरायला लागणारं जे काही, ते तिच्या चुलीत रोज तयार होत होतं. राख आणि शेण मात्र तिनं कधी एका टोपल्यात येऊ दिलं नाही. राखेचा ढीग गोठ्याच्या पलीकडं, उकिरड्यापासून लांब, वर पत्र्याचा तुकडा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, ‘‘राखंनं शेणाचा जीव जातो.’’ रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो जीव मला अमोनियाच्या रूपात भेटला: राख अल्कधर्मी, ती ताज्या शेणामुतात पडली की त्यातलं नत्र वायू होऊन उडून जातं. उडून जाताना नाकात झोंबतं ते तेच. आजीनं ते नाकानं ओळखलं होतं.

या सगळ्याहून मला आवडायचं ते उकिरड्यावरचं टमाटं. ते कुणी लावलेलं नसायचं. कुठल्याशा जेवणातली बी, कुणाच्या तरी ताटातून, कुणाच्या तरी पोटातूनही, तिथं येऊन पडलेली. टोमॅटोची बी चिवट. पचनातून जाते, कुजण्यातून जाते, आणि ओल मिळाली की उगवते. पाऊस ओसरता ओसरता उकिरड्याच्या उतारावर ते झाड हातपाय पसरायचं, त्याला काठी नाही, सुतळी नाही, कुणी बगलफुटी काढत नाही, आणि त्याला लगडलेली टमाटी वाफ्यातल्या टमाट्यांच्या दुप्पट. आजी त्याच्याकडं बघत उभी राहायची. तोडायची, पण थोडीच. बाकीची पिकून तिथंच गळायची, आणि पुढच्या पावसाळ्याला पुन्हा.

भीमेच्या या टापूत उरलंसुरलं मातीला देणं फार जुनं आहे. शिरूर तालुक्यातच, घोडनदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांची नावं त्या कामाशी कायमची जोडली गेली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती शेतकऱ्यांची वस्ती. राजवाडा नाही, शिलालेख नाही, सोन्याचे हंडे नाहीत. सापडल्या त्या चुली, राख, धान्य साठवायचे खड्डे, रंगवलेल्या भांड्यांचे तुकडे, जळून कोळसा झालेले दाणे, सातूचे, गव्हाचे, डाळींचे; बोरं, जांभळं खाल्ल्याच्या खुणा; आणि सुरीचे घाव असलेली जनावरांची हाडं. ती माणसं काय जेवत होती, वर्ष चांगलं गेलं की वाईट, हे सगळं संशोधकांनी त्यांच्या उरलेल्यावरून, टाकलेल्यावरून वाचलं. शाळेच्या पुस्तकात इनामगाव आलं तेव्हा वर्गातल्या मुलांना अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेल्या माणसाचं अप्रूप वाटलं होतं. मला त्या चुलींचं वाटलं. चुलीच्या उजव्या अंगाला तिथंही कुणी एखादं टवका उडालेलं मडकं ठेवलं असेल, असं मनात आलं आणि मग ते मनातून गेलंच नाही. टमाटं तेव्हा इथं नव्हतं. ते समुद्रापलीकडच्या दक्षिण अमेरिकेतलं, फार उशिरा आलेलं पाहुणं. पण पाहुण्याला वाढणारा हात इथं आधीपासून होता.

मी आता पुण्यात राहते. चौथ्या मजल्यावर, गॅलरीत सकाळचं ऊन तिरपं येतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत निघून जातं. तेवढ्या उन्हात टोमॅटो बसवायचा म्हणजे कुंड्या उन्हाबरोबर सरकवत राहायच्या. चूल नाही, म्हैस नाही, कोंबड्या नाहीत, कुत्रं सोसायटीच्या फाटकाबाहेर. मधली सगळी तोंडं गळून गेली आहेत. त्यामुळं माझ्या ओट्यावर जे उरतं ते किती जास्त आहे, हे मला इथं आल्यावर पहिल्यांदा दिसलं. मटारच्या सालींचा ढीगच बघा. गावाकडं तो म्हशीपुढं पडायच्या आत संपला असता. इथं तो हिरवा डबा भरून टाकतो, आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात जड जड ओझं होऊन जातो. ओला वेगळा, सुका वेगळा, एवढं आपण केलं की हात झटकतो. पुढं ते कुठं जातं, कुणाच्या शिवारात साचतं, हे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माणसांनी वर्षानुवर्षं नाकाला पदर लावून सोसलं आहे.

म्हणून झाकणाची बादली आली. तळाला भोकं, खाली ताटली, आत एक थर ओल्याचा आणि एक सुक्याचा. साली, देठं, चोथा. त्यावर वाळलेली पानं, नारळाच्या शेंड्यांचा भुसा, कधी गावाहून आलेलं उसाचं पाचट हातानं चुरून. एखाद पळी आंबट ताक, विरजण म्हणून. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी त्यांच्या प्रयोग परिवारातून शहरातल्या माणसांना हे फार पूर्वी सांगून ठेवलं होतं, की गच्चीवर पडणारं ऊन, उसाची चिपाडं आणि स्वयंपाकघरातलं टाकाऊ एवढ्यावर माणूस भाजी पिकवू शकतो. त्यांचं वाचताना मला ओळखीचं कुणीतरी बोलतंय असं वाटत राहिलं. ते गणिताचे शिक्षक, माझ्या आजीला अंगठ्यापुढं अक्षर येत नव्हतं, पण दोघंही त्याच पातेल्याभोवती बसलेले.

बादलीचं झाकण उघडायचं ते नाक पुढं करून. वास सांगतो. ओलं जास्त झालं, आत वारा पोचेना, की कुजकट, जड भपकारा येतो. मूठभर पाचट घालायचं, खालीवर करायचं. नीट चाललं असेल तर आत हात घातला की ऊब लागते, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवलेला हात मागं घ्यावा इतकी, आणि वास येतो रानातल्या ओल्या पालापाचोळ्याचा. पंधरवडा उलटतो, महिना उलटतो, आणि केव्हातरी, नेमकं केव्हा ते मला कधीच पकडता आलेलं नाही, कांद्याचं टरफल कांद्याचं राहत नाही. हाताशी येते ती माती. काळी, भुसभुशीत, आणि तिला पहिल्या पावसाचा वास. मी ती मूठ नाकाशी धरून किती वेळ उभी राहते, ते घरातल्या माणसांनी विचारायचं सोडून दिलं आहे.

टमाट्याचा घास मी आजीच्या रीतीनंच वाढते. कुंडीत वीतभर लांब जागा सापडत नाही, म्हणून कडेकडेनं. अंड्याची कवचं वाळवून, खलबत्त्यात पीठ होईतो कुटून. नाहीतर ती वर्षभर मातीत जशीच्या तशी चमकत बसतात. केळ्याच्या सालींचं पाणी फुलं धरल्यावर, भरपूर पातळ करून. फळांची बुडं काळी पडू लागली की लोक चुन्याचा शोध घेतात. बहुतेक वेळा झाडानं मागितलेलं असतं ते नेमानं पाणी, आज कोरडं आणि उद्या चिखल असं नव्हे. मातीत चुना असूनही पाण्यावाचून तो फळापर्यंत पोचत नाही. भुकेल्याच्या पुढं ताट ठेवलं आणि पाण्याचा तांब्या विसरला, तर घास उतरायचा कसा? आजी तांब्या आधी ठेवायची.

हे सगळं एका कुंडीसाठी, चार-दोन किलो फळांसाठी कशाला, असं कुणी विचारलं की मी नदीकडं बोट दाखवते. खडकवासल्याचं पाणी माझ्या नळाला येतं, माझ्या मोरीतून जातं, मुठेत मिसळतं; मुळेला भेटून मुळा-मुठा होतं; थेऊरवरून, राहू-वाळकीच्या शिवारातून जात रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळतं, आणि मग भीमा खाली मांडवगणवरून जाते. त्यातलं काही शुद्ध होऊन जातं, काही तसंच. या शहरातल्या ओट्यांवरून जे जे धुवून निघतं, तेल, साबण, भाताची पेज, भाजीचा रस्सा, त्यातलं पुष्कळ माझ्या गावाच्या कडेनं वाहतं. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, काठावर उभं राहिलं तर पाणी दिसत नाही. जलपर्णीही झाडच, तीही जेवतेच आहे. आपण तिला न बोलावता, न बघता, नको तेवढं वाढत राहिलो. परातीत धुवून घेतलेलं तांदळाचं पाणी मी कुंडीत ओतते तेव्हा तेवढं पाणी गावाकडच्या माझ्या काकीच्या दारावरून जायचं राहतं. तेवढंसं ते. पण माझ्या हातातलं तेवढंच आहे, आणि ते मी सांडणार नाही.

काकी अजून त्याच घरात. म्हशीच्या जागी एक संकरित गाय आली, चुलीशेजारी गॅस आला, आणि चुलतभाऊ उसाच्या एका तुकड्यासाठी 200 लिटरच्या पिंपात जीवामृत ढवळतो: 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, सकाळ-संध्याकाळ काठीनं फिरवायचं. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी शिकवलेली ही रीत. गूळ पलीकडच्या दौंडातल्या गुऱ्हाळांचा. काकीला ते पिंप बघून हसू येतं. म्हणते, ‘‘आत्याबाईंचं पातेलंच की हे, वाढलंय नुसतं.’’ फोनवर ती आधी पोरांची चौकशी करते, मग माझ्या गुडघ्याची, आणि मग टमाट्याची. जेवलं का झाड? फुलं धरली का? पाला किती? पाला फार म्हटलं की तिचा आवाज आजीचा होतो. ‘‘हात आखड की जरा.’’

मागल्या हिवाळ्यात चुलतभाऊ कामासाठी पुण्याला आला तेव्हा पाचटाची गोणी घेऊन आला. जाताना मी त्याच गोणीत बादलीतलं तयार खत भरून दिलं, चाळलेलं, वाळवलेलं, तोंड सुतळीनं शिवलेलं. पुण्याचं खरकटं मांडवगणला जायचं ते असंही जाऊ शकतं, हे त्याला दाखवायचं होतं की मलाच बघायचं होतं, कोण जाणे. त्यानं गोणी खांद्यावर घेतली आणि नाकाशी नेऊन हुंगली, न सांगता.

काकीचा दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाली, खत पोचलं. हातात घेऊन बघितलं, चोथा दिसत नाही, चांगलं मुरलंय. निम्मं वांग्यांना घातलं. टमाट्यांना आत्ता नको, झाडं अंगानं भरलेली आहेत. फूल दिसू दे, मग देईन म्हणाली, वीतभर लांब.